पोटातलं पाणी

मारिविक गेली. व्हिसा रद्द करून, कायमची.
तिच्या फ्लॅटमधला एसी मी तीनदा खोलला होता,
एवढीच काय ती ओळख.
तरी रुवीतल्या त्या जिन्यावर
दोन बॅगांच्या मधून वाट काढत
तिने कुंडी माझ्या हातात ठेवली.
म्हणाली, मुळांना नको घालू पाणी,
पोटात घाल.

मी वाकून पाहिलं.
चंदेरी पट्ट्यांची ताठ पानं एकमेकांना धरून
मधोमध पेला झालेली,
पेल्यात वाटीभर पाणी,
पाण्यात जिन्यातली ट्यूबलाइट
आणि एक मेलेला डास.
वर गुलाबी, काटेरी तुरा,
त्यात निळी फुलं, खडीसाखरेच्या खड्यांएवढी.

ब्रोमेलियाड, असं तिने दोनदा सांगितलं.
दत्तारामाच्या तोंडी ते बसेना.
त्याने नाव ठेवलं, बाबल्या.

वादी कबीरच्या नर्सरीत कुंजुमोन म्हणाला,
हे झाडावर राहणारं झाड.
फांदीवर बसतं, फांदीचं काही खात नाही.
मुळं फक्त धरून राहायला.
म्हणजे बांडगूळ नव्हे?
छे. अननसाच्या घराण्यातलं आहे.
मला आमच्या आंब्यावरची सीतेची वेणी आठवली,
पावसाळ्याच्या तोंडावर लोंबणारी,
कोणाच्याच मालकीची नसल्यासारखी.

मग त्याने विचारलं, काम काय करतोस?
एसी. तांब्याचे पाइप.
तसा तो कुंडी घेऊन मागे सरकला.
तांबं याला विष.
एसीतून ठिबकतं ते पाणी घातलंस तर संपलं.

आमच्या घरी तांब्याचा तांब्या
रात्री भरून उशाशी ठेवतात.
सकाळी अनशापोटी तेच पाणी, प्रकृतीला बरं म्हणून.
एकोणीस वर्षं मी तांबं वाकवतो, तापवतो, जोडतो,
त्याच तांब्यावर चिपळुणात दोन खोल्या वाढल्या.
आणि आता कामावरून आलो की
कोपरापर्यंत हात धुतो साबणाने
एका झाडाला शिवायचं म्हणून.

जूनमध्ये बाहेर सत्तेचाळीस.
रुवीचे डोंगर रात्रीसुद्धा
भट्टीतून काढलेल्या विटेसारखे.
बाबल्या पितो कॅनमधलं विकतचं पाणी,
मी पितो तेच.
दर शुक्रवारी त्याला उलटा करायचा,
शिळं ओतून ताजं भरायचं.
दत्ताराम ओरडतो, त्याची झाली आंघोळ,
तू कधी करणार?

ऑगस्टात तुरा करडा पडला.
मग पानं, कडेकडेने.
कुंडी घेऊन धावलो.
कुंजुमोनने मान हलवली.
एकदाच फुलतं. फुललं की जातं.
सावकाश जातं, वर्षसुद्धा लागेल.
मारिविकने हे सांगितलं नव्हतं.
किंवा सांगितलंही असेल,
मी तेव्हा बॅगा उचलत होतो.

रात्री व्हिडिओवर लेकीला दाखवलं.
मागून हिचा आवाज,
त्यात काय एवढं? आपली केळ नाही का,
एकदाच विते.
बुंध्याशी बघा, पोर आलं असेल.
पाहिलं.
खालच्या पानाच्या बेचक्यात
एक हिरवी चोच, करंगळीच्या पेराएवढी.

काल ऑफिसात चार नावं वाचली.
माझं नव्हतं. दत्तारामाचं होतं.
माझ्या पोटातलं पाणी हललं नाही, तो म्हणाला,
आणि बॅगेची चेन
उगाचच दोनदा लावली, उघडली.
त्याचं विमान तेरा तारखेला.
पोर आईच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं झाल्याशिवाय
तोडायचं नसतं.
मोजून पाहिलं. नाही जमत.

आता तो झोपलाय, किंवा झोपल्यासारखा पडलाय.
खिडकीतला एसी मध्येच थांबतो,
मग धडधडत सुरू होतो.
फ्रिजवर कुंडी.
त्या पेल्यात पाणी थरथरतं,
ट्यूबलाइटचे तुकडे होतात,
पुन्हा जुळतात.